कॅरमचा कायदा: वहिवाटीपासून नियमावलीपर्यंत

गिरगाव, परळ आणि लालबागच्या चाळींतून स्वातंत्र्योत्तर काळात जो कॅरम रुजला, त्याचा कायदा कोणत्याही दप्तरी नोंदलेला नव्हता. तो मजल्यामजल्याच्या वहिवाटीत नांदत होता आणि नवशिक्याला तो खेळता खेळताच, थोरल्या मुलांच्या हुकमतीखाली, अवगत होत असे. काळ्या सोंगटीला दहा, पांढरीला वीस आणि राणीला पन्नास गुण, ही गणती एका चाळीत प्रमाण मानली जाई, तर शेजारच्या चाळीत हेच आकडे निम्मे होत. अंगठ्याने स्ट्रायकर मारण्याची कोठे मुभा असे, कोठे सक्त मनाई. आमच्या पिढीने हा खेळ तंट्यांतून शिकला, आणि तंट्याचा निवाडा बहुधा ज्याच्या घरचा बोर्ड, त्याच्या शब्दाने होई.

1988 साली चेन्नई येथे आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला, आणि स्पर्धांच्या निमित्ताने छापील नियमावली मंडळांच्या व व्यायामशाळांच्या हाती पडू लागली, तेव्हा या वहिवाटींचा अंमल हळूहळू ओसरला. 74 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे खेळाचे क्षेत्र, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी, 15 ग्रॅमपेक्षा जड नसलेला स्ट्रायकर, 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (म्हणजे डावांचा) गेम, हे सारे निश्चित झाले. सोंगट्यांना निरनिराळ्या किमती उरल्या नाहीत. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील त्याला प्रतिपक्षाच्या शिल्लक प्रत्येक सोंगटीमागे एक गुण, आणि राणी त्याने घेतलेली असल्यास तीन. तेही स्वतःचे गुण 21 पर्यंत असतील तरच; 22 झाल्यावर राणीचा लाभ मिळत नाही.

हा बदल मला केवळ सोयीचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो. वहिवाटीच्या खेळात हाती लागेल ती सोंगटी घालणारा जिंकू शकत असे. नव्या खेळात पुढच्या चार फटक्यांचा विचार करावाच लागतो. राणीचाच नियम पाहावा. स्वतःची निदान एक सोंगटी गेल्याखेरीज तिच्यावर हक्क पोहोचत नाही. ती घेतल्यावर लगोलग पुढच्याच फटक्यात स्वतःची सोंगटी घालून तिला कव्हर करावे लागते, अन्यथा ती पुन्हा मध्यवर्ती वर्तुळात जाऊन बसते. आणि तिला बोर्डावर ठेवून जो आपली शेवटची सोंगटी घालवतो, तो बोर्डच गमावतो. म्हणून जाणता खेळाडू राणीकडे वळण्यापूर्वी कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवतो, आणि प्रतिस्पर्धी नेमकी तीच उडवून लावण्याची संधी पाहत असतो. शिकणाऱ्याला सर्वांत उशिरा उमगते ते हेच.

ड्यूचा, म्हणजे दंडादाखल सोंगटी परत काढण्याचा, नियमही असाच विचारपूर्वक घडवलेला आहे. नुसता स्ट्रायकर पॉकेटात गेला तर पाळी जाते आणि घातलेल्यांपैकी एक सोंगटी परत काढावी लागते; परंतु स्ट्रायकरबरोबर आपली सोंगटीही गेली असेल तर ती व ड्यूची आणखी एक अशा दोन बाहेर येतात, पाळी मात्र कायम राहते. परत आलेली सोंगटी प्रतिस्पर्धी बाह्य वर्तुळाच्या आत आपल्या सोयीने मांडतो. चाळीत या एका बाबीवरून किती संध्याकाळी वाया गेल्या असतील!

अंगठ्याचा वादही नियमावलीने बिनतक्रार मिटवला: त्याने मारण्यास मान्यता आहे, अट इतकीच की स्ट्रायकर ढकलता कामा नये, तो टिचकीने सुटला पाहिजे. पुढे चेन्नईचे कॅरमपटू मारिया इरुदयम नऊ वेळा राष्ट्रीय विजेते ठरले आणि 1996 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा चाळीच्या गॅलरीतल्या या खेळाला शासनदरबारी दाखला मिळाल्याचा आनंद आम्हां सर्वांना झाला. गणेशोत्सवातील स्पर्धांत आता बोर्डावर टांगलेल्या दिव्याखाली पंच बसतो, फटक्यासाठीचे 15 सेकंद मोजतो, आणि बोर्ड कोणाच्या घरून आला याची विचारपूस कोणी करीत नाही.