घराण्याचा शोध – लेखांक ९ : आजोबांची पलटण कोणती?

फेरफार झाले, जन्म-मृत्यूच्या नोंदी झाल्या, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही चाळून झाल्या. या आठवड्यात घरातला फौजेत गेलेला माणूस शोधू.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर या जिल्ह्यांत भिंतीवर फेट्यातला किंवा टोपीतला फोटो असलेली घरे मोजायला बसलो तर गावेच्या गावे मोजावी लागतील. पंधरा ऑगस्टला त्या फोटोला हार पडतो. ‘आजोबा मेजर होते, लढाईला गेले होते’ एवढे नातवाला पाठ असते. कुठल्या लढाईला, कुठल्या पलटणीतून, परत कधी आले, असे विचारले की घरातले एकमेकांकडे बघतात. माझे मत स्पष्ट आहे : ज्याला हार घालायचा त्याचा नंबर, पलटण आणि तो कुठवर गेला होता, एवढे तरी घरच्यांना सांगता आले पाहिजे. आणि ते शोधणे वाटते तितके अवघड नाही.

आधी ‘मेजर’चे बघू. आपल्याकडे पेन्शनवर आलेल्या प्रत्येक फौजीला गाव ‘मेजर’ म्हणते. तो मान आहे, हुद्दा नव्हे. कागदावर ते हवालदार किंवा नाईक निघतील, कदाचित शिपाईच निघतील. त्यात कमीपणा काही नाही, पण मेजर म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. याच्या उलटही घडते. जुन्या कागदात ‘जमादार’ दिसला की नातवंडे गप्प बसतात. त्या काळचा लष्करी जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. गावात ज्याची मिरवणूक निघावी असा माणूस.

आता माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढा. फौजीच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेला असतो. हा नंबर पहिला लिहून घ्या, कारण एकाच पलटणीत चार-चार ‘तुकाराम जाधव’ असत आणि त्यांना वेगळे करणारी खूण हीच. ट्रंकेत डिस्चार्जचा कागद मिळाला तर निम्मे काम झाले. नाही मिळाला तर मेडल बघा, आणि तेही दर्शनी बाजू सोडून कडेला. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग आणि तिरपा उजेड घेतला की वाचता येते. ब्रासो लावून घासू मात्र नका, अक्षरे झिजतात.

त्या युद्धाची दोन मेडल आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतात : चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि पंख असलेल्या विजयादेवीचे व्हिक्टरी मेडल. पुष्कळ घरांत चांदीचे मेडल गेलेले आणि दुसरे उरलेले असते. चांदीला सोनाराकडे भाव होता, त्यामुळे पणजोबांच्या मेडलचे तोडे झाले. त्याचा राग धरू नये. दुष्काळात ज्याला पोरे जगवायची होती त्याने ते मोडले.

वॉर मेडलच चांदीऐवजी कांस्याचे असेल तर ती फार मोलाची माहिती आहे. तसे मेडल बंदूक न धरणाऱ्यांना मिळे : हमाल पथकांतले मजूर, पाणक्ये, सफाईवाले. त्यांना फौजी भाषेत ‘फॉलोअर’ म्हणत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, धक्क्यावर माल उतरवणारा, रेल्वेचे रूळ टाकणारा माणूस गोळीने मेला नसेल, तरी कॉलऱ्याने आणि उन्हाने मेला. गावातली आठवण मात्र बंदूकवाल्याचीच राहिली. तुमच्या घरात ते कांस्याचे मेडल असेल तर ते चांदीच्या मेडलाशेजारी, त्याच उंचीवर लावा.

काही घरांत तबकडीएवढा कांस्याचा गोल निघतो. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि सिंह. हे मेडल नव्हे. हा मेलेल्याच्या वारसाला दिलेला स्मृतिपट. त्यावर फक्त नाव असते. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे असे तो काढणाऱ्यांना दाखवायचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे बसऱ्याच्या स्मारकाशी गेल्यावर लागेल.

पलटणीचे नाव मिळाले की नवी अडचण येते. मेडलच्या कडेवर ‘११० मऱ्हाटा लाइट इन्फन्ट्री’ असते आणि आज त्या नावाची पलटण कुठेच नाही. १९२२ साली हिंदी फौजेची फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६, ११७ अशा नंबरांच्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मऱ्हाटा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. १०३ झाली तिची पहिली, म्हणजे आजची ‘जंगी पलटण’. १०५ झाली दुसरी, तीच ‘काळी पाचवी’. ११४ वी प्रशिक्षणाची पलटण झाली. रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावला आहे.

तिसरी झाली ती ११० वी. तिच्यावर थोडे थांबतो, कारण एकाच पलटणीचा माग काढत गेले तर आजोबा, पणजोबा आणि काका एका दोरीत कसे बांधले जातात ते तिच्यावरून दिसते. पहिल्या महायुद्धात ती सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. जनरल टाउनशेंडबरोबर ती तैग्रिस नदीकाठाने बगदादकडे निघाली, मागे हटली आणि कूत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. १०३ आणि ११७ याही मराठा पलटणी तिथेच होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. घोडी-खेचरे खाऊन संपली. अखेर सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. त्यातले हजारो परत आले नाहीत. ‘पणजोबा बसऱ्याला गेले ते गेलेच’ असे ज्या घरात सांगतात, तिथे शोधाची सुरुवात कूतपासून करायला हरकत नाही.

पलटण नव्याने उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, तिसरी बटालियन म्हणून, ती इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात तिच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीप्रमुख सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. तो नाईक एकटाच धावला, ग्रेनेड टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. थडगे मात्र कुठेच नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

पुढे हीच पलटण छत्रीधारी झाली आणि तिला ‘टू पॅरा’ हे नाव मिळाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलला उतरली ती हीच. कूतमधले पणजोबा आणि टांगाइलचे काका एकाच पलटणीचे असू शकतात आणि घरात कोणालाच ते ठाऊक नसते, कारण मधे तीनदा पाटी बदलली.

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण असे मात्र धरून चालू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, पायोनियर पलटणी, तोफखाना यांत आपली माणसे भरपूर होती. १११ महार ही पलटण पहिल्या महायुद्धात उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभारली गेली. म्हणजे पणजोबा ‘महार पलटणीत’ असतील तर आधी साल विचारायचे.

युद्धात गेलेल्याचा शोध राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर घ्यावा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांत सेवेत असताना वारलेल्यांची नोंद तिथे आहे. छावणीत तापाने गेलेलेही यात येतात. नावाने शोधलात तर बहुधा हात हलवत परताल. इंग्रज कारकुनाने शिंदे कसा लिहिला असेल आणि भोसले कसा, याला काही नेम नाही. त्यापेक्षा जादा माहितीच्या रकान्यात गावाचे आणि तालुक्याचे नाव टाका. नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा क्रम बऱ्याचदा सापडतो. गावाचे स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी करून बघा.

आणि इथेच बसरा येतो. तिथल्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. १९२९ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा पाटीवर गोऱ्या शिपायांची नावे होती आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा. ज्या सरकारने स्मृतिपटावरून हुद्दा काढला होता, त्याच्याच राज्यात दगडावर हुद्द्याने नाव खाल्ले. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्याच अहवालात ही विषमता मान्य केली : ४५ ते ५४ हजार आशियाई आणि आफ्रिकी मृतांची नोंद असमान झाली, आणि निदान १ लाख १६ हजार जणांची नावाने नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. बसऱ्याच्या शिपायांची नावे आज संकेतस्थळावर पाहता येतात. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ मध्ये झालेल्या स्मारकावर साडेचार हजारांहून अधिक हिंदी नावे दगडातच कोरलेली आहेत. तिथे पणजोबा निघाले तर तुम्ही नशीबवान. नाव कुठेच नसेल पण पुरावा असेल, तर आयोगाकडे अर्ज करता येतो आणि नवे नाव दाखल होऊ शकते.

कोकणातल्या खलाशांच्या घराण्यांनी मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होमकडे बघावे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. मुंबईकर त्याच्यावरून रोज जातात आणि शंभरातल्या एकालाही ते ठाऊक नसावे.

१९४७ नंतरच्या माणसाचे काम सोपे आहे. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा पीपीओ हातात असू द्या. नोंदी त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात : मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातले सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड, रणगाडा दल अहिल्यानगर. पत्रात नंबर आणि नाते लिहा. नंबरावाचून पाठवलेले पत्र फिरत राहते. मार्ग सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नोंद तिथे असते. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ग्रॅनाइटच्या विटांवर कोरली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुले झाले तेव्हा जवळजवळ २६ हजार नावे होती. पुण्यात दक्षिण कमांडचे स्मारक आहे, १९९८ चे, लोकवर्गणीतून उभे राहिलेले.

हे सगळे मेलेल्यांचे झाले. जो जिवंत परत आला त्याची चौकशी आपण फार कमी करतो. संगमनेरकडच्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी दोन जखमींना उचलून आणले, एकट्याने मशीनगनची तीन ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे आपल्यात होते. तुमच्या घरातले ६५ किंवा ७१ चे काका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना ‘किती मारले?’ असे विचारू नका. खरा फौजी त्यावर विषय बदलतो. भरती कुठे झाली, सोबत गावचे कोण होते, ट्रेनिंगला उस्ताद कोण, पहिले फिल्ड कुठले, लंगरात काय मिळे, सुट्टीला यायला किती दिवस लागत, असे विचारा. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा आणि काकूंनाही बसवा. मनीऑर्डर कधी यायची आणि कधी नाही आली, हे काकांपेक्षा त्यांना जास्त आठवते.

शेवटी गावाचे एक काम. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचे स्मारक ब्रिटिशांनी उभारले, म्हणून ते गाव सगळ्यांना माहीत आहे. पण चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत बसवलेली तशी संगमरवरी पाटी पुष्कळ गावांत आहे : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. दोन आकडे, नाव एकही नाही. तुमच्या गावात ती असेल तर चुन्याखाली गेली आहे का ते बघा, फोटो काढा, आणि वर सांगितलेल्या पद्धतीने त्या दुसऱ्या आकड्याची नावे शोधायला घ्या. सगळी मिळणार नाहीत. जेवढी मिळतील तेवढी बापाच्या नावासह लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि एक प्रत शाळेत ठेवा.

पुढच्या आठवड्यात : गिरणीत गेलेला माणूस आणि त्याचे हजेरीकार्ड.