पडद्यावरचा नकाशा
परदेशी जहाज बंदराला लागलं की सरकारी तपासनीस आधी कागदपत्रं चाळतो, मग जहाज हाकण्याच्या कक्षात, म्हणजे ब्रिजवर, चढतो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक नकाशा-यंत्रणेतले, म्हणजे ‘एक्डिस’मधले, नकाशे अद्ययावत आहेत का, पर्यायी व्यवस्था आहे का, हे तो पाहतोच, पण खरी परीक्षा माणसाची. सुरक्षित खोलीची रेषा, म्हणजे ज्याहून उथळ पाणी जहाजाला धोक्याचं ती मर्यादा, किती मीटरवर ठेवलीत आणि का, असं विचारलं की एखादा अधिकारी चाचरतो. प्रश्न साधा वाटतो, पण क्षुल्लक नाही. १८ सप्टेंबर २०१३ रोजी ‘ओविट’ हा रसायनवाहू टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँक या वाळूच्या दांड्यावर रुतला. आखलेला मार्गच उथळ भागावरून जात होता, खोलीची रेषा चुकीची ठेवलेली आणि धोक्याचा भोंगा मुका! यंत्रणेतले हे दोष आधीच्या तपासण्यांत कुणाच्याच नजरेला पडले नव्हते.