काडतूस-भरण, रूपांतरित रिव्हॉल्व्हरांतील

काडतूस-भरण, रूपांतरित रिव्हॉल्व्हरांतील : ठासणीच्या रिव्हॉल्व्हराचे काडतुसी रिव्हॉल्व्हरात रूपांतर केल्यावर त्यास योग्य अशा काडतुसातील दारूचा प्रकार, तिचे माप व गोळी यांची निवड. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरात फिरत्या दंडगोलाच्या प्रत्येक कप्प्यात समोरून दारू व शिशाची गोळी ठासतात आणि मागील बारीक नळीवर स्फोटक टोपी बसवितात. धातूच्या काडतुसात ही तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. दंडगोल बदलून किंवा त्याचे कप्पे मागून आरपार कोरून रूपांतर साधते. मात्र नळी व चौकट जुनीच राहतात. म्हणून कप्प्यात बसणारे प्रत्येक काडतूस वापरण्यास सुरक्षित असतेच असे नाही.

इतिहास : सॅम्युएल कोल्ट यास अमेरिकेत रिव्हॉल्व्हराचे एकस्व १८३६ मध्ये मिळाले. आरपार कप्प्यांच्या दंडगोलाचे एकस्व रोलिन व्हाइट यास १८५५ मध्ये मिळाले व स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याचा उपयोग केला. १८६९ मध्ये त्याची मुदत संपल्यावर इतरांना अशी रूपांतरे मोकळेपणाने करता येऊ लागली. बंदुकीच्या बाबतीत भारतीय वाचकास जवळचे उदाहरण एनफील्डचे आहे. जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ मध्ये असंतोष भडकला, त्याच ठासणीच्या एनफील्ड बंदुकीचे ब्रिटिश लष्कराने १८६६ पासून स्नायडर पद्धतीने रूपांतर केले. दोन्हींतील दारूचे माप सुमारे ४·५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तेच राहिले. कारण नळी तीच होती.

दारू : ही शस्त्रे काळ्या दारूसाठी घडविलेली होती. तिच्यात सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के असते. १८८४ मध्ये व्ह्येय या फ्रेंच रसायनज्ञाने तयार केलेली धूरविरहित दारू तेवढ्याच आकारमानात कितीतरी अधिक दाब निर्माण करते. काळ्या दारूच्या मापाने ती भरल्यास दंडगोल फुटून हात वा डोळा गमावण्याचा धोका असतो. तिचे योग्य माप अल्प असल्याने मोठ्या काडतुसात चुकून दोनदा भरली गेली, तरी लक्षात येत नाही. काळी दारू भरताना मात्र गोळीखाली पोकळी ठेवीत नाहीत. मूळच्या ·४५ कोल्ट काडतुसात सु. २·६ ग्रॅ. काळी दारू व १६·५ ग्रॅ. गोळी असे, त्याहून आखूड ·४५ स्कोफील्ड काडतुसात ही मापे सु. १·८ व १४·९ ग्रॅ. होती. जुन्या धातूवर दुसऱ्याचा ताण कमी पडतो.

गोळी : नळीचा प्रत्यक्ष व्यास नावातील आकड्याहून वेगळा असतो. कोल्टच्या ‘·४४’ रिव्हॉल्व्हराच्या नळीचा आट्यांतील व्यास सु. ११·५ मिमी. असल्याने तीत ·४५ ची गोळी बसते. ‘·३६’ च्या नळीत तो सु. ९·५ मिमी. असतो, तर ·३८ स्पेशल काडतुसाची गोळी सु. ९·१ मिमी. असते, ती आटे न पकडता सैल जाते व नेम चुकतो. यास्तव बुडाशी पोकळ अशी मऊ शिशाची गोळी वापरतात. दाबाने तिचे बूड फुगून आट्यांत बसते.

चौकट : कोल्टच्या १८५१ व १८६० च्या नमुन्यांत दंडगोलावर पट्टी नसते, रेमिंग्टनमध्ये ती असल्याने चौकट अधिक बळकट असते. पितळी चौकटीच्या प्रतिकृतींत काडतुसी दंडगोल बसवू नयेत. पोलादी प्रतिकृतींतही केवळ सौम्य दाबाची काडतुसे वापरतात. काळ्या दारूची राख ओल शोषते व गंज चढविते. कोकणासारख्या दमट हवेत वापरानंतर लगेच साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्राचे रूपांतर करण्यास परवाना लागतो, अग्निशस्त्र व काडतुसे बाळगण्यासही परवाना आवश्यक आहे. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगण्याची प्रथा आहे. अशा बंदुकीत परवान्यावाचून काडतुसाची सोय करणे हा गुन्हा होय. शिवाय जुन्या नळीची ताकद केवळ पाहून कळत नसल्याने ते जिवावरही बेतू शकते.