कल्पनेचा मोबदला

मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याने येणारा जुना पुणे रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महापेमार्गे नव्या मुंबईत उतरणारा रस्ता जिथे एकत्र येतात, त्या शीळफाट्याचे नाव काढताच मालमोटारींची रांग, भंगाराची गोदामे आणि तासन्‌तासांचा खोळंबा याखेरीज सामान्य प्रवाशाला काही आठवत नाही. तेव्हा कलाक्षेत्रातील उपजीविकेचा आढावा घेण्यास बसलेल्या लेखकाने आरंभासाठी नेमके हेच स्थळ निवडावे, याचे वाचकांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांस, काटई नाक्यापासून खिडकाळीच्या शिवमंदिरापर्यंत, जिथे एका पिढीपूर्वी भाताची खाचरे होती तिथे आज पलावासारख्या प्रचंड वसाहती उभ्या आहेत, आणि तेथील प्रत्येक सदनिकेची अंतर्गत सजावट, प्रत्येक दुकानाची पाटी, प्रत्येक बारशाची पत्रिका आणि बांधकाम व्यावसायिकाचा प्रत्येक अजस्र जाहिरातफलक कोणी तरी बसून योजलेला असतो. रेखाटणाऱ्या हाताला या मुलखात काम नाही, ही पालकांची तक्रार म्हणून मला मान्य नाही. काम मुबलक आहे. त्या कामातील विचाराची स्वतंत्र किंमत मात्र आपण अद्याप ठरवलेली नाही, आणि या क्षेत्रात उमेद धरून येणाऱ्या तरुणाची खरी अडचण तीच आहे.

ही अडचण पाहावयाची असेल तर कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहावे. संगणकापुढे विशीतला एक मुलगा बसलेला असतो, पडद्यावर कोरल हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर उघडलेले असते, श्रीलिपीतील चार-दोन ठरावीक वळणांची अक्षरे हाताशी असतात, आणि पाठीमागे उभे असलेले कार्यकर्ते मोबाइलवरून छायाचित्रे धाडीत सूचना देत असतात : "दादा, भाऊंचा फोटो अजून मोठा घ्या, साहेब वर डावीकडे टाका, आणि खाली शुभेच्छुकांत एकाचंही नाव राहू देऊ नका." कोणाचे मस्तक किती मोठे, कोण कोणाच्या वर, अभीष्टचिंतनाची ओळ कोणत्या रंगात, हे सारे तो मुलगा अशा शिताफीने जुळवतो की जुन्या दरबारातील मानकऱ्यांची आसने मांडणाऱ्या कारभाऱ्यानेही त्याची पाठ थोपटावी. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताच मजकुरातला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मुलगा तो हाताने उचलून जागेवर आणतो. मग हिशेब होतो. दहा फूट गुणिले आठ फूट, म्हणजे ऐंशी चौरस फूट, गुणिले छपाईचा दर. कापड, शाई आणि लाकडी चौकट यांचे पैसे लागतात. मांडणीचा रकाना पावतीवर नसतोच. "डिझाइन त्यातच आलं," असे दुकानदार सांगतो, आणि गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगे वाटत नाही. याच मुलखात सुतार, फरशीवाला आणि रंगारी हे आपापली मजुरी चोख मोजून घेतात. पण घराचा आराखडा काढणाऱ्या मुलीला "नुसता एक कागद तर काढायचा आहे" असे ऐकावे लागते. सामान आणि श्रम यांची किंमत आपल्याला कळते. योजनेची किंमत कळावयास आपली पुष्कळ खोटी झाली आहे.

हा दोष आजचा नव्हे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत 'जे. जे.' ही कलाशाळा निघाली तेव्हा हुन्नर आणि कला यांची सांगड घालण्याचाच हेतू त्यामागे होता. पण जाहिरातीच्या कलेचा, म्हणजे ज्या कलेला बाजारात रोख मागणी होती तिचा, वेगळा विभाग तेथे निघण्यास १९३५ साल उजाडावे लागले, आणि उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था तर १९६१ मध्ये झाली. दरम्यान ज्यांनी या मार्गाने जाण्याचे धाडस केले त्यांनी आपापली सोय आपणच लावून घेतली. दादासाहेब फाळके यांचे चरित्र या दृष्टीने कोणी वाचत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. १८८५ मध्ये जे. जे. मध्ये दाखल झालेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा गृहस्थ गोध्र्यास छायाचित्रकार झाला, पुरातत्त्व खात्यात नोकरीस राहिला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्याने शिळाछापाची कामे केली, स्वतःचा छापखाना काढला, भागीदारांशी न पटल्याने तो सोडला, आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेस जाऊन आल्यावर मग कोठे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आजच्या भाषेत ज्याला करिअर म्हणतात ते फाळक्यांना चाळिशीनंतर लाभले. पण तोवरचा एकही हुन्नर वाया गेला नाही, कारण चित्रपटाला ते सारेच लागत होते.

मात्र आमच्या या परिसराला सांगण्यासारखे खरे उदाहरण शिल्पकार सदाशिव साठे यांचे आहे. कल्याणच्या ज्या घरात गणेशमूर्ती घडवण्याची परंपरा होती तेथे १९२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. म्हणजे पुढे जे. जे. मध्ये शरीररचनेचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळण्यापूर्वीच माती कशी मळावी, ऐन हंगामात काम वेळेवर कसे संपवावे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे कसे करावे याची उमेदवारी घरातच झालेली होती. वयाची तिशी ओलांडण्याआधी दिल्लीच्या चांदणी चौकातील गांधीजींचा पुतळा त्यांच्या हातून झाला, आणि १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी गेटवे ऑफ इंडियासमोरील अश्वारूढ शिवछत्रपतींचे अनावरण झाले. पुतळ्याच्या धंद्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे किती जिकिरीचे काम आहे ते सांगावयास नको : आधी छोटा नमुना, तो समितीपुढे, मग पूर्ण आकाराची माती, पुन्हा समिती, कोणाला घोड्याची मान आवडत नाही, कोणाला तलवारीचा कोन, मग प्लास्टरचा साचा, मग ब्राँझचे ओतकाम, आणि प्रत्येक टप्प्यावर हप्ता मिळाला नाही तर शिल्पकार धातूच्या किमतीखाली चिरडून जातो. अशा व्यवसायात सात दशके टिकून राहणे हे निव्वळ प्रतिभेचे काम नव्हे. त्याला कारखाना चालवण्याची शिस्त लागते. साठे २०२१ मध्ये निवर्तले. त्यांचे 'शिल्पालय' डोंबिवलीत, म्हणजे शीळफाट्यापासून रस्ता मोकळा असेल तर फार दूर नाही. पण चित्रकलेच्या परीक्षेस बसणाऱ्या इकडच्या किती मुलांना शिक्षकांनी तेथे नेले असेल, याविषयी मी साशंक आहे.

कारखाना हा एक आधार झाला. दुसरा आधार पगाराचा. वसंत सरवटे यांनी सिमेंट कंपनीत अभियंत्याची नोकरी करीत मराठी दिवाळी अंकांना आपल्या रेषेचा लळा लावला. कमल शेडगे यांनी टाइम्सच्या कला विभागात राहून शेकडो नाटकांची शीर्षके अशी रेखाटली की प्रेक्षक नाटकाचे नाव वाचण्यापूर्वी ते पाहू लागला. दीनानाथ दलालांनी तिसराच मार्ग काढला : मुखपृष्ठे दुसऱ्यांसाठी काढून थांबण्यापेक्षा त्यांनी १९४५ पासून 'दीपावली' हा अंक स्वतःच चालवला, म्हणजे चित्रकार आणि मालक एकच झाला. मालक होण्यात धोकाही असतो. कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक चारदा मिळवणारे नितीन चंद्रकांत देसाई यांनी कर्जतजवळ भव्य स्टुडिओ उभारला. कर्जापायी त्यांच्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्यांची अखेर झाली. त्या दुःखद प्रसंगातून घाईने धडे काढणे मला अनुचित वाटते. एवढेच म्हणतो की राष्ट्रीय पारितोषिकाने व्याजाचा दर कमी होत नाही.

शिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. शीळफाट्याच्या मुलाला पवईची आयआयटी आणि खारघरची निफ्ट ही दोन्ही नामांकित ठिकाणे घरून ये-जा करण्याच्या टप्प्यात आहेत, ही गोष्ट विदर्भातील वा कोकणातील मुलाने हेवा करावा अशी आहे. पवईचे औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चे. तेथे अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांनी घडवलेले 'मंगल' हे देवनागरी वळण विंडोजबरोबर जगभरच्या संगणकांत गेले, आणि ते रोज वाचणाऱ्या लाखो मराठी माणसांना त्याचा कर्ता ठाऊक नाही. आयआयटीतील पदवीसाठी यूसीड, निफ्टसाठी तिची स्वतंत्र परीक्षा, आणि राज्यातील ललित व उपयोजित कलांच्या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सीईटी, अशी प्रवेशाची दारे आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षा मात्र दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळवण्याचे साधन होऊन बसल्या आहेत. गुण पदरात पडताच रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या मुलाची पेटी तरीही खाली राहते, त्याच्याकडे पालकांनी नीट पाहावे.

परंतु कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे न शिकवले जाणारे एक प्रकरण आहे, आणि ते म्हणजे दस्तऐवज. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे नोकरीच्या कामात केलेली कलाकृती, वेगळा करार नसेल तर, मालकाची होते. पैसे देऊन सांगून काढवून घेतलेले व्यक्तिचित्र वा छायाचित्रही सर्वसाधारणपणे सांगणाऱ्याचेच होते. पण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने रेखाटलेले बोधचिन्ह लेखी हस्तांतरण झाल्याखेरीज त्याच्या हातून जात नाही, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हे ठाऊक नसल्याने किती मुले आपल्या चिन्हाचा हक्क एका तोंडी 'हो'वर सोडून देतात! दुसरी गोष्ट वसुलीची. जो कलावंत आपला व्यवसाय 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवतो, आणि ही नोंदणी विनामूल्य आहे, त्याचे देणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकवता येत नाही. थकवल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते, आणि दाद मागण्यास परिषद आहे. कागदावर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा हा कायदा २००६ पासून आहे. तगाद्याचे दूरध्वनी करून थकलेल्या तरुणांपैकी फार थोडे त्याच्या आधाराने एक पत्र लिहितात, कारण पुढचे काम जाईल अशी भीती असते. ती भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही.

हल्ली आणखी एक धास्ती ऐकू येते, ती यंत्राने क्षणार्धात चित्रे काढून देण्याची. माझे मत असे की यंत्राचा पहिला घाव त्याच कामावर पडेल जे आपण आधीपासून फुकट मागत होतो : वाढदिवसाचा फलक, सणाची शुभेच्छा, ठरावीक पार्श्वभूमीवरची ठरावीक कमळे. सदनिकेच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात ओटा, फ्रीज आणि आजींची देवपूजा एकत्र कशी मावेल, हे त्या घरात उभे राहून, आजींशी बोलून, फूटपट्टीने मापे घेऊन ठरवावे लागते. तिथे माणूस लागेल, आणि त्याचे पैसेही मागता येतील, जर तो मागेल तर.

म्हणून या अंकाच्या वाचकांस, विशेषतः सोसायटीच्या सचिवांस, मंडळांच्या कार्यकर्त्यांस आणि नवी पाटी लावणाऱ्या दुकानदारांस, एक विनंती आहे. येत्या गुढीपाडव्याचा फलक वा पत्रिका करून घेताना छपाईच्या पावतीवर मांडणीचा रकाना वेगळा मागून घ्यावा, त्यापुढे एक आकडा लिहवून घ्यावा, आणि तो आकडा घासाघीस न करता चुकता करावा.