हातांत धरून घेतलेलें छायाचित्र स्पष्ट कसें येईल?

पीकपाहणीचें काम पूर्वीं तलाठ्याचें असे. ता. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रांत सर्वत्र ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र मोबाइलवर घेण्याचें काम खातेदाराच्याच हातीं आलें. आमची नोकरी सातबाराच्या नोंदी लिहिण्यांत गेली. त्या अनुभवावरून आम्ही सांगतों कीं, ज्या चित्रांत सोयाबीन कीं उडीद हेंच ओळखूं येत नाहीं, तें पुरावा म्हणून असून नसल्यासारखेंच होय.

चित्र अस्पष्ट येण्याचीं मुख्य कारणें तीन. सर्वच चित्र एका दिशेस फरफटलेलें दिसल्यास हात हालला असें समजावें. माती स्पष्ट पण पानें पुसट, तर वारा कारण. मागचा बांध स्पष्ट आणि जवळचें रोप पुसट, तर नेम चुकला.

हाताच्या कंपावर पहिला उपाय उजेड. उजेड कमी असला कीं मोबाइल प्रकाश अधिक वेळ आंत घेतो, आणि तेवढ्या वेळांत हात हालतो. जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांचा नियम असा कीं, भिंग 50 मिलिमीटरचें असेल तर प्रकाश सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ घेऊं नये. म्हणून सांज होण्याची वाट पाहूं नये. सूर्य पाठीशीं ठेवावा. मात्र आपली सावली रोपावर पडूं देऊं नये.

दुसरा उपाय ठाण मांडण्याचा. मोबाइल दोहों हातांत धरावा, कोपरें बरगड्यांस टेकवावीं, पाय किंचित फांकवावे. जवळ झाड असल्यास खांदा त्यास टेकवावा. अर्धा श्वास सोडून बोट हलकेंच दाबावें. चित्र मोठें करून घेण्यापेक्षां दोन पावलें पुढें जाणें बरें. कारण मोठें करतांना हाताचा कंपही मोठा होतो.

वाऱ्यासाठीं झुळूक ओसरेपर्यंत थांबावें. नेमासाठीं पडद्यावर रोपाच्याच जागीं बोट टेकवावें. आणि सर्वांआधीं भिंग मऊ सुती कापडानें पुसावें; शेतकऱ्याच्या खिशांत धूळ व घाम यांची उणीव नसते!

चित्र पाठविण्यापूर्वीं तें पडद्यावर मोठें करून पानाच्या शिरा दिसतात कीं नाहीं हें पाहावें. न दिसल्यास तेथेंच दुसरें घ्यावें. पीक एकदां कापलें, कीं मग कितीही अर्ज केले तरी तें पुन्हां उभें राहून चित्र देत नाहीं.