अठ्ठेचाळीस जणांची सेवा

संपादकांनी मला आष्ट्याला धाडलं ते 'लिव्हिंग विल'साठी. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसू तेव्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही, नळी घालायची की नाही, हे आधीच लिहून ठेवायचा कागद. मुंबई-पुण्यात त्यावर व्याख्यानं होतात. पेठ-सांगली रस्त्यावरच्या, उसाच्या पैशावर चालणाऱ्या वाळवा तालुक्यातल्या या गावात तो कुणाला ठाऊक तरी आहे का, एवढंच बघून यायचं होतं. फार थोड्यांना ठाऊक होता. पण चौकशी करता करता एकानं विचारलं, "मरणाचं लिहिताय तर आक्कांना भेटलाय का?" आणि मी आक्कांच्या सोप्यात जाऊन बसलो.

आक्का सत्तरीच्या पुढच्या, जैन शेतकरी घरातल्या. आसपासच्या गावात कुणी वडीलधाऱ्यानं सल्लेखनेचं, म्हणजे अन्नपाणी टप्प्याटप्प्यानं सोडून मरण स्वीकारायचं, व्रत घेतलं की त्यांना बोलावणं जातं. त्या साध्वी नव्हेत, नर्सही नव्हेत. हातात पिशवी, तिच्यात मऊ सुती फडकी, खोबरेल आणि जपाची माळ.

कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करतो, आणि सल्लेखना त्याला पुस्तकातून कळलेली नाही. आचार्य शांतिसागरांना 1924 साली आचार्यपद मिळालं ते इथून जवळच्या समडोळीला. 1955 पर्यंत त्यांची दृष्टी फार अधू झाली होती. पायाखालचा जीव दिसत नसेल तर मुनीनं चालायचं कसं, असा तो प्रश्न होता. 14 ऑगस्टला कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली आणि 36व्या दिवशी, 18 सप्टेंबरला देह ठेवला. त्याच्या दहा दिवस आधी त्यांनी मराठीत केलेला शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित आहे. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते साल अजून येतं.

शास्त्र थोडक्यात असं: उपाय नसलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा असाध्य रोग आला तरच हे व्रत. आधी अन्न कमी करायचं, मग दूध-ताकासारख्या पेयांवर यायचं, मग नुसतं पाणी, आणि शेवटी तेही सोडायचं. व्रताला लागणारे दोषही सांगितलेत. जगण्याची आशा धरणं हा दोष. मरण लवकर यावं अशी इच्छा धरणं हाही तितकाच दोष. कोर्टात वकील तासन्‌तास ज्यावर भांडतात ते इथं एका ओळीत बसवलंय.

मला मात्र खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राचीन प्राकृत ग्रंथात व्रत घेतलेल्या साधूच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक, म्हणजे व्रत पार पाडायला मदत करणारे, सांगितलेत, चौघाचौघांच्या बारा तुकड्या करून. चौघांनी देहाला उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. चौघांनी धर्मकथा सांगायची. चौघांकडं आहार, चौघांकडं पाणी, आणि आणखी चौघांकडं त्या अन्नपाण्याची राखण. चौघांनी मलमूत्र काढून अंथरूण आणि जागा स्वच्छ ठेवायची. चौघे दाराशी, चौघे सभेच्या तोंडाशी. चौघांनी रात्र जागायची. चौघांनी मुलखात काय बरंवाईट चाललंय त्यावर नजर ठेवायची. चौघांनी भेटायला आलेल्यांना बाहेरच बसवून कथा सांगायच्या. आणि राहिलेले चौघे वादपटू, कुणी विरोध घेऊन आलंच तर त्याला उत्तर द्यायला.

हे वाचून मी उडालोच. ही तर चक्क ड्यूटी लावलेली आहे! पाहुण्यांना आत सोडायचं नाही पण हाकलायचंही नाही, ही अक्कल तर आजच्या आयसीयूच्या दाराशी बसलेल्या वॉचमनलाही मिळालेली नाही. ग्रंथ पुढं म्हणतो की काळ वाईट असेल, माणसं मिळत नसतील तर संख्या घटवत न्या, पण दोनाच्या खाली जाऊ नका. एकटाच असला तर तो भिक्षेला गेल्यावर आजारी माणूस उघडा पडतो. नाही गेला तर सेवा करणाराच उपाशी. सेवा करणाऱ्याच्या पोटाचा विचार त्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटलं.

आक्कांनी अठ्ठेचाळिसांचं नाव ऐकलेलं होतं. "आमच्यात चार-पाच जणी मिळाल्या तरी लई झालं," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या हातावर मला करून दाखवलं. फडकं पाण्यात बुडवून पिळायचं, इतकं की थेंब गळता कामा नये. मग ओठांवरून फिरवायचं, मधून कडेला न्यायचं, घासायचं नाही. व्रताची मर्यादा असेल तर तेही दिवस मावळायच्या आत. पाठीखाली तळहात घालून बघायचं. कातडी गरम लागली की कूस बदलायची वेळ झाली. घोटे आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं. णमोकार मंत्र कानात ओरडायचा नाही. "माणूस जातंय. आपण नुसतं संगं बसायचं. घाई करायची न्हाई, अडवायचं बी न्हाई."

अशी सेवा कुठल्या एका धर्माची नाही. मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग 1973च्या हल्ल्यानंतर 2015पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षं अंथरुणाला होती आणि तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. तिला जाऊ द्यावं, या पिंकी विराणींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2011ला निकाल दिला तो, तिला जगू द्या, हे या नर्सेसचं म्हणणं प्रमाण मानून: जिनं हात लावून सेवा केली तिचा शब्द आधी. मला तो निकाल पूर्ण पटत नाही. सेवा करणाऱ्याची माया ही आजाऱ्याची इच्छा असतेच असं नाही. पण ज्याच्या सेवेला कुणीच नाही त्याच्या इच्छेला विचारतं कोण, हेही खरंच.

आता अडचणी. 10 ऑगस्ट 2015ला राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना ही आत्महत्याच ठरवली; देशभर जैनांचे मूक मोर्चे निघाले आणि 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याची टांगती तलवार तेवढ्यापुरती हलली. माझी काळजी वेगळी आहे. व्रताला मान असतो, गर्दी लोटते, फलक लागतात. अशा वेळी म्हातारीनं पाणी मागितलं तर? शास्त्रात ठरावीक मुदतीची 'नियम' सल्लेखना आहे, मुदतीनंतर आहार पुन्हा घेता येतो. मरेपर्यंतची ती 'यम'. "पहिली नियमच द्यायची," आक्का ठाम होत्या. "आणि पोरांनी सांगितलं म्हणून कुणी बसत असलं तर मी पिशवी उचलून घरी येते."

दुखण्याबद्दल विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. कॅन्सरच्या माणसाजवळ त्या बसल्या आहेत. "दुखायला लागलं की मंत्र ऐकूच येत न्हाई वो." तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी महाग नाही. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. पण गोळी दर चार तासांनी लागते, सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं, आणि डोस वाढवायला ओळखीचा डॉक्टर लागतो. खेड्यातल्या घरात मध्यरात्री यातलं काय हाताशी असतं?

आणि बहुतेक माणसं व्रत घेऊन मरत नाहीतच. ती सांगली-मिरजेच्या आयसीयूत जातात. ऊसबिल संपतं, सोनं गहाण पडतं, मग कुणीतरी "आमच्या जबाबदारीवर नेतोय" या कागदावर सही करतं आणि अ‍ॅम्ब्युलन्स गावाकडं वळते. उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्याकडं असाच, मागच्या दारानं होतो. नळी निघते, पण सोबत ना गोळी येते ना नर्स.

पुढचं दार कागदावर आहे. 9 मार्च 2018ला सर्वोच्च न्यायालयानं 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली; सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023ला ते सोपं केलं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, शक्यतो 48-48 तासांत मत, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांच्या याचिकेनंतर असे कागद जपायला राज्यानं स्थानिक संस्थांमध्ये अभिरक्षक नेमले.

मी हे सगळं आक्कांना समजावलं. नातीनं मोबाइलवर नमुना काढला. साक्षीला शेजारचे दोघे तयार झाले, नोटरीचंही ठरलं. अडलं ते आक्कांच्या वतीनं बोलणाऱ्याच्या रकान्याशी. मुलगा म्हणाला, माझं नाव घालू नका. "उद्या मी डॉक्टरला सांगितलं की नळी नको, तर भावकी काय म्हणंल? पैसे वाचवायला आईला सोडली म्हणतील." आक्का त्याच्यावर चिडल्या नाहीत. सुनेचं नाव घाला म्हणाल्या. सून म्हणाली, मग तर बघायलाच नको. नात अजून अठराची नाही.