पहिले बाळ सुखरूप, तरीही सुई हवी

आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले अपत्य बहुधा सुखरूप असते. हे देणे निघते दुसऱ्याच्या नावावर. त्याच्या तांबड्या पेशी गर्भातच नष्ट होऊ लागतात.

अँटी-डी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन हे टाळते. साधारणतः २८व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरे. गर्भपात झाल्यासही डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. घरात ती गोष्ट झाकली जाते आणि इंजेक्शन राहून जाते. प्रतिपिंडे एकदा तयार झाली, की मग त्याचा उपयोग नाही.

हे औषध प्रामुख्याने मानवी प्लाझ्मापासून बनते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांना १४व्या वर्षी शस्त्रक्रियेच्या वेळी अनोळखी माणसांच्या रक्ताने वाचवले. १८व्या वर्षी तेही रक्तदाते झाले. पुढे त्यांच्या रक्तात हीच प्रतिपिंडे आढळली. २०१८ साली, वयाच्या ८१व्या वर्षी ते थांबले, तेव्हा ११७३ वेळा दान झाले होते. सुई टोचताना मात्र ते नेहमी नजर दुसरीकडे वळवीत.